नेटवरच्या घरगुती बंदुकीचं डिझाईन ‘सेफ’ आहे का, हे कसं ठरवायचं?

प्रश्न माझ्या पुतण्याच्या मित्राचा आहे. पोट्टा हिंगण्याकडच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो विचारतो, “काका, घरी बनवता येतील अशा बंदुकांची ड्रॉइंगं नेटवर सापडतात, थ्रीडी प्रिंटरवर छापायचीसुद्धा. एक जण लिहितो शंभर राउंड मारले, काही झालं नाही. दुसरा म्हणतो पहिल्याच बाराला फुटली. मला बनवायची नाही, सेमिनारला विषय घेतोय. पण एखादं डिझाईन विश्वसनीय आणि सुरक्षित आहे की नाही, हे इंजिनीअरनं कसं ओळखायचं?”

ओळखता येत नाही. आता तू म्हणशील, काका कायद्याला घाबरून टाळताहेत. कायद्याचंही सांगतो, पण नंतर. आधी निव्वळ तपासणीवाला म्हणून बोलतो, कारण तीस वर्षांहून जास्त काळ मी हेच केलं. समोर आलेला नग घ्यायचा की नाकारायचा, एवढंच माझं काम होतं.

आमच्याकडे ड्रॉइंगवर वेगळा शिक्का असायचा आणि नगावर वेगळा. नवीन पोरं रुजू झाली की पहिला आठवडा हाच घोळ घालायची. ड्रॉइंग मंजूर आहे म्हणजे नग चांगला, असं त्यांना वाटायचं. अरे, ड्रॉइंग म्हणजे लग्नपत्रिका. संसार कसा होईल ते पत्रिकेवर छापलेलं नसतं. ड्रॉइंगमागे एक जाडजूड फाईल असते. सळई कोणत्या हीटची (म्हणजे पोलादाच्या कोणत्या ओताची), टेस्ट सर्टिफिकेट कुणाचं, भट्टीचं तापमान किती होतं आणि ते कशानं मोजलं, कोणत्या गेजनं, म्हणजे मापाच्या साधनानं, तपासलं, त्या गेजची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली, किती नग बाद झाले आणि का. नेटवरून उतरवलेल्या ड्रॉइंगला ही फाईल नसते. म्हणजे तू मला पत्रिका दाखवून विचारतोयस, हे जोडपं सुखात नांदेल का?

दाबाचा अंदाज आला की ही फाईल इतकी जाड काहून लागते ते कळेल. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण 1 बार दाब जास्तीचा असतो. हा बार म्हणजे दाबाचं एकक, साधारण दर चौरस सेंटीमीटरला एक किलो; बंदुकीचा बार वेगळा. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरची चाचणी दर चौरस सेंटीमीटरला 25 किलो दाबाने होते. सीएनजीची टाकी 200 बारपर्यंत भरतात, आणि ती फुटल्यावर गाडीचं काय होतं ते तू बातम्यांत पाहिलं असशील. आता बंदुकीचं बघ. साध्या बारा बोरच्या काडतुसाची मर्यादा 740 बार. पॉइंट टू टू (.22) चं बारकं काडतूस, ज्याला लोक खेळण्यातलं समजतात, तिथे सुमारे 1,700 बार. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाला 2,350 बार. सिलिंडर ज्या दाबाला तपासतात, त्याच्या नव्वदपटीहून जास्त. तोही मिलिसेकंदात येतो आणि जातो, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

आता घरातला सिलिंडर जरा तिरका करून बघ. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी असं एक अक्षर आणि पुढे वर्षाचे आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. तोवर तो पुन्हा तपासायचा. अशा दाबाच्या भांड्यांवर आणि स्फोटकांवर देशभर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. पंचवीस किलोच्या दाबासाठी एवढा बंदोबस्त, आणि दोन हजार बारसाठी अनोळखी माणसाचं एक वाक्य: “मी केलं, मस्त चाललं.”

एक गोष्ट सांगतो, ती मी प्रत्येक बॅचला सांगायचो. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड नावाचा सरकारी शस्त्रकारखाना होता. 1903 मॉडेलची त्यांची रायफल जगात नावाजलेली. ड्रॉइंग उत्तम, पोलाद ठरलेलं, कारागीर पिढीजात. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे ज्या भागात नळी बसते आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) अडकतो तो भाग, काचेसारखे फुटायला लागले. शोध घेतला तेव्हा कळलं, की तापलेल्या पोलादाचं तापमान लोहार डोळ्यांनी, रंगावरून ठरवत होते. ढगाळ दिवशी तोच लालपणा जास्त भडक दिसायचा, लख्ख उन्हात फिका. त्यामुळे उन्हाच्या दिवशी “अजून तापला नाही” म्हणून पोलाद गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापवलं जायचं आणि त्याचे कण जळून ठिसूळ व्हायचे. नंतर पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारी यंत्रं, लावली, तेव्हा चूक उघडी पडली. स्प्रिंगफील्डच्या 8,00,000 च्या खालच्या क्रमांकाच्या आणि रॉक आयलंड या दुसऱ्या सरकारी कारखान्याच्या 2,85,507 च्या खालच्या क्रमांकाच्या रायफली संशयाच्या यादीत गेल्या. म्हणजे दहा लाखांहून जास्त. त्यांतल्या बहुतेक कधीच फुटल्या नाहीत. पण कोणती फुटेल हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नव्हतं. मोजमाप बरोबर, पॉलिश चकाचक, गेजमध्ये बसते. दोष पोलादाच्या पोटात.

आणि या रायफलींनी प्रूफ फायरिंगही पार केलं होतं बरं. जास्त दाबाच्या काडतुसाला त्या टिकल्या, आणि नंतर कधीतरी, नळीत काही अडकलं किंवा काडतुसाची पितळी पुंगळी फाटली, की रिसीव्हरच गेला. चांगलं पोलाद अशा वेळी ताणलं जातं, फुगतं, नुकसान होतं पण तुकडे उडत नाहीत. जळालेलं पोलाद ताणलंच जात नाही.

सरकारी कारखान्यात, शेकडो तपासनीस असताना हे झालं. आता घरामागच्या शेडमधल्या माणसाचं पोलाद कुठून आलं ते विचार. एका कारखान्यात, नाव घेत नाही, सळयांच्या टोकाला पोलादाच्या प्रतीनुसार (ग्रेडनुसार) रंग लावायची पद्धत होती. सगळीकडेच असते. रात्रपाळीच्या एकाने रंगाचं टोक आधी कापलं आणि उरलेली सळई परत रॅकवर ठेवली. दोन ग्रेडच्या सळया मिसळल्या. दिसायला जुळ्या बहिणी. कडकपणाच्या चाचणीत एक आकडा विचित्र आला म्हणून आम्ही अख्खा लॉट अडवला. साहेब चिडले, डिस्पॅच थांबला, मला दोन दिवस बोलणी खावी लागली. तो एक विचित्र आकडा जिथे कुणी घेतच नाही, तिथे रोज हेच होत असणार. भंगारातल्या लोखंडाला तर रंगाचं टोकही नसतं.

प्रूफ हा शब्द आला म्हणून त्याबद्दल थोडं, कारण तुझ्या सेमिनारचा खरा गाभा तिथे आहे. बंदूक विकण्याआधी ती मुद्दाम जास्त दाबाला तपासायची, मग नळी आणि बोल्ट पुन्हा मोजायचे, भेगा शोधायच्या, आणि सगळं ठीक असेल तरच शिक्का मारायचा, ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला सनद मिळाली 1637 मध्ये, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस 1813 चं. 1914 मध्ये युरोपातल्या देशांनी एकत्र येऊन सी.आय.पी. हे मंडळ स्थापलं. त्याच्या नियमांत रायफलींना कमाल दाबाच्या सव्वापट, पिस्तुलांना जवळपास तीस टक्के जास्त दाबाचं प्रूफ काडतूस लागतं. आता यातली मेख बघ. शिक्का नगावर असतो, डिझाईनवर नसतो. त्याच ड्रॉइंगचा शेजारचा नग वेगळा तपासायचा. तपासलेल्या नगाची नळी कुणी नंतर कापली किंवा रुंदावली, तर शिक्का रद्द. ज्यांनी हे काम जवळपास चारशे वर्षं केलं, त्यांनाही “हे डिझाईन सेफ आहे” असं म्हणायची हिंमत झालेली नाही. ते फक्त म्हणतात, हा नग, आज, या काडतुसाला टिकला.

मग “शंभर राउंड मारले” याचं काय करायचं? इंजिनीअर आहेस, हिशेब कर. समज, एखादी बंदूक सरासरी दर शंभर बारांत एकदा फुटते. अशी बंदूक सलग शंभर बार सुखरूप जाण्याची शक्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे जवळपास 37 टक्के. दहा बारांचा दावा असेल तर आणखी गंमत. दर चौथ्या बाराला फुटणारी भयंकर चीजसुद्धा सलग दहा बार काढून जाण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या वर आहे. शंभर वेड्यांनी ती बनवली, तर पाच-सहा जण छाती फुगवून लिहितील, “दहा मारले, एक नंबर!” उरलेल्यांपैकी किती जण लिहितील? ज्याची बोटं गेली तो टाईप कशानं करणार? आणि ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला, त्याचा वकील त्याला एक अक्षर लिहू देणार नाही. बिघाडाची शक्यता एक टक्क्याच्या खाली आहे असं 95 टक्के खात्रीनं म्हणायचं, तर सलग तीनशे बार बिनदोष लागतात. आणि एक टक्का हा आकडासुद्धा तपासणी खात्यात कुणी उच्चारला असता तर त्याला चहा न देता परत पाठवलं असतं.

बरं, हा हिशेबही बंदुकीवर मेहेरबानी करतो. प्रत्येक बार सारखाच आहे, आधीच्या बाराचा पुढच्यावर परिणाम नाही, असं तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात धातू थकतो. फुटलेल्या गावठी कट्ट्याचे तुकडे मी एकदा धातुतज्ज्ञ मित्राच्या टेबलावर पाहिले होते. त्याने भिंगाखाली तुटलेली कड दाखवली. कडेचा अर्धा भाग काळपट, काजळी बसलेला, उरलेला अर्धा चांदीसारखा ताजा. काळपट भाग म्हणजे जुनी भेग. आधीच्या बारांमध्ये ती इंच-इंच नाही, पण केसभर-केसभर सरकत होती, आणि प्रत्येक बाराचा धूर आत शिरून तिला रंगवत होता. शेवटच्या बाराला उरलेला चमकदार भाग एकदम गेला. ज्याच्या हातात तो होता, त्याचा अंगठा आणि तर्जनी गेली असं मित्र म्हणाला. आदल्या दिवशी त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं, की माझा कट्टा चालतो. खोटं नव्हतं. चालतच होता.

थ्रीडी छपाईचं विचारलंस. 2013 च्या मे महिन्यात लिबरेटर नावाच्या छापील पिस्तुलाच्या फाईली अमेरिकेतून खुल्या झाल्या. परराष्ट्र खात्याने काढायला लावेपर्यंत दोन दिवसांत लाखभर लोकांनी त्या उतरवल्या. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी ते छापून तपासलं, आणि त्यांचा एक नग चाचणीत फुटला. अमेरिकेच्या सरकारी तपासनीसांनीही छापून पाहिलं. फाईल तीच, फक्त प्लास्टिक बदललं, तर एका प्लास्टिकच्या नगाच्या पहिल्याच बाराला चिंधड्या आणि दुसरा बरेच बार टिकला. मग फाईल भरवशाची की बिनभरवशाची? हा प्रश्नच चुकीचा ठरतो. त्यानंतर दहा-बारा वर्षांत छपाई बरीच पुढे गेली हे खरं आहे. पण थर एकमेकांना किती चिकटले, छपाईच्या प्लास्टिकच्या तारेतला ओलावा, छापतानाची हवा हे सगळं त्या एकाच नगापुरतं असतं, आणि नगागणिक बदलतं. शिवाय आपलं नागपूर. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेली प्लास्टिकची फूटपट्टी वाकते, बाप्पा! छपाईचं सगळ्यात साधं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. आणि तापलेल्या काडतुसाचा दाब थंड काडतुसापेक्षा जास्त असतो. म्हणजे उन्हाळ्यात भांडं नरम आणि आतला जोर जास्त.

तू विश्वसनीयता आणि सुरक्षितता हे दोन शब्द एकत्र वापरलेस. ते वेगळे धर. खटका ओढल्यावर दर वेळी बार होणं ही विश्वसनीयता. खटका ओढला नसताना कधीच न होणं, आणि झाला तर पुढच्याच बाजूने होणं, ही सुरक्षितता. लोक पहिलीच तपासतात, कारण तिचा आवाज येतो. हातातून फरशीवर पडल्यावर काय होतं, पेटी धक्के खात गेल्यावर काय होतं, खटका अर्धा ओढून सोडला तर काय होतं, हे कुणी बघत नाही. कारखान्यात याच चाचण्यांत सगळ्यात जास्त डोकेदुखी असायची. नामांकित कंपन्या, पिढ्यानपिढ्या हाच धंदा करणाऱ्या, त्यांनाही पडल्यावर उडते म्हणून माल परत बोलवावा लागला आहे. आणि काडतूस “फुस्स” झालं, आवाज बारीक आला, गोळी नळीतच अडकून राहिली, तर पुढचा बार नळी फाडतो. प्रशिक्षित माणूस तिथे थांबतो. घरी करणारा म्हणतो, अरे, चाललं नाही वाटतं, परत ओढू.

आता कायदा. थोडक्यात सांगतो, कारण तो सरळ आहे. शस्त्र अधिनियम 1959, कलम 5. परवान्याशिवाय बंदूक बनवणं, विकणं, बदल करणं, दुरुस्त करणं एवढंच त्यात नाही. चाचणी घेणं आणि प्रूफ करणं हेही त्याच वाक्यात, त्याच रांगेत आहे. म्हणजे तुझा “इंजिनीअर म्हणून तपासून बघू” हा मार्गच कायद्याने बंद केला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर या उल्लंघनाला कलम 25 खाली किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे, वर दंड. आणि व्याख्या बघ. बंदुकीचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही शस्त्राच्या व्याख्येत येते. “मी फक्त नळी केली, बाकी काही नाही,” हे न्यायालयात चालत नाही. स्वतः बारूद बनवलीस तर 1884 चा स्फोटक कायदा आणखी वेगळा. प्लेसमेंटच्या तोंडावर असलेल्या मुलाने हे दोनदा वाचावं.

तुझ्या मनात एक शंका राहील, म्हणून आधीच बोलतो. “काका, मी ड्रॉइंग तुम्हाला पाठवतो, नुसती नजर टाका, कुठे कच्चं आहे तेवढं सांगा.” नाही. नजर टाकून मी काही सांगितलं, तर तू किंवा तुझ्या हॉस्टेलमधलं कुणी ते “काकांनी पास केलं” म्हणून वाचेल. ज्या नगाचं पोलाद मी पाहिलं नाही, त्याखाली मी सही करत नाही. नोकरीत केली नाही, आता पेन्शनीत काय करणार. आणि वाईट डिझाईन दुरुस्त करून देणं म्हणजे ते चांगलं होणं नव्हे. फक्त ते आणखी चार जणांच्या हातात जाणं.

कुणी ओळखीच्या पोराने खरंच असं काही बनवून ठेवलं असेल तर हात लावू नकोस, उघडून बघू नकोस, “रिकामी आहे” यावर विश्वास ठेवू नकोस. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढ आणि 112 ला फोन लाव. जप्त केलेला कट्टा तपासताना प्रयोगशाळेतले लोकही तो हातात धरून उडवायला टाळतात. शिकंज्यात अडकवतात, स्वतः आडोशाला जातात आणि लांबून दोरीने खटका ओढतात. ज्यांचं पोट त्यावर आहे ती माणसं आडोशाला उभी राहतात, एवढं लक्षात ठेव.

सेमिनारचा विषय मात्र सोडू नकोस, फक्त वळव. “एकाच ड्रॉइंगचे दोन नग वेगळे का वागतात?” असं नाव दे. स्प्रिंगफील्डची गोष्ट घे, प्रूफचा इतिहास घे, तीनशे चाचण्यांचा हिशेब फळ्यावर मांड. प्रत्यक्ष काम हवं असेल तर बाद झालेल्या गॅस सिलिंडरच्या पत्र्याचे नमुने घे. परवाना असलेल्या रीटेस्टिंगवाल्याकडे पत्र देऊन ते मिळू शकतात. जोडाजवळचा एक, जोडापासून लांबचा एक, ताणून तोडायचे आणि तुटलेली कड भिंगाखाली बघायची. गोळी आणि नेमच हवा असेल तर रेंजवर प्रशिक्षकासोबत 10 मीटर एअर रायफलचे साडेचार मिलिमीटरचे छर्रे मोज. एकाच डबीतल्या शंभर छर्‍यांची वजनं किती फिरतात आणि कागदावरचे छेद किती पसरतात, यावर चांगला आलेख निघतो. परीक्षक खूश होतात, अनुभवाने सांगतो.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये माझी ओळख आहे. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला ये, एक नमुना तुझ्यासमोर तोडून दाखवतो. तुटायच्या आधी तो मधोमध बारीक होतो, त्याला आम्ही कंबर पडणं म्हणतो. ती पडते की नाही पडत, यावर अर्धं काम होतं. येताना बूट घालून ये, मागच्या वेळी तुझा मित्र चपलेवर आला होता आणि मला त्याला दारातूनच परत पाठवावं लागलं.